दुसरी गुटी

तिसऱ्या मजल्यावर ते झाड चढलं तेव्हा एका हातात मावत होतं. रंगाचा रिकामा डबा, डब्यात वीतभर काडी आणि काडीला तीन पानं. सासरे कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं आणि कॅन्टीनच्या दारातल्या रबराच्या झाडाची ही फांदी मिळाली. घड्याळ त्यांनी मुलाला देऊन टाकलं. फांदी स्वतः जिन्याने वर नेली.

चौदा वर्षांनी त्याच झाडाचा शेंडा छताला टेकून आडवा वळला होता. खाली मनगटापेक्षा जाड खोड, माणसाच्या डोक्यापर्यंत उघडंबोडकं, आणि वर सगळा पानांचा पसारा. दर रविवारी सासरे स्टुलावर चढून ओल्या फडक्याने एकेक पान पुसत. दुसऱ्या हाताचा तळवा पानाखाली धरलेला, लहान मुलाचं तोंड पुसताना मागून मान धरावी तसा. कुंडीच्या काठावर खडूच्या चार खुणा होत्या. दर रविवारी कुंडी एक खूण पुढे फिरे, म्हणजे खिडकीचा उजेड चारही बाजूंना सारखा. पाणी घालायच्या आधी मधलं बोट दोन पेरं मातीत जाई. कोरडं लागलं तर आज पाणी, ओलं लागलं तर उद्या.

सुनेला हे सगळं मनापासून पटत असे. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि मोजल्याशिवाय काही ओतू नये ही तिचीही शिस्त. "आमची वहिनी अख्ख्या शहराला पाण्यात पाहते, वर त्याचा पगार घेते," असं नणंद येईल त्या पाहुण्याला सांगे. सासरे सुनेला नुसतं 'प्रयोगशाळा' म्हणत. आल्या आल्या विचारत, "काय प्रयोगशाळा, आज कुणाचं पाणी जोखलंस?" ती हसे, उत्तर क्वचितच देई. त्या घरात बोलायला बाकीचे पुरेसे होते.

अडचण आली ती सासऱ्यांच्या उजव्या गुडघ्यातून. सांधा पार झिजला होता. डॉक्टरांनी नवा बसवायचं ठरवलं, अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि एक गोष्ट बजावली: नंतर बरेच महिने जिना नाही. सासऱ्यांचं घर चोपन्न पायऱ्या वर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मुलाचं घर तळमजल्यावर, खिडकी मोठी, एक खोली रिकामी. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा सासऱ्यांनी कायमचंच तिकडे यावं हे सगळ्यांनी ठरवलं आणि सासऱ्यांना सांगायला सगळे एका रविवारी जमले.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. मग म्हणाले, "आणि हे?"

सगळ्यांनी वर पाहिलं.

नवऱ्याने टेप आणला. कुंडीपासून छतापर्यंत झाड मोजलं, मग बाहेर जाऊन जिन्याचं वळण मोजलं आणि मान हलवत परत आला. "बाबा, वळणावर अडकणार. खोड वाकत नाही. वाकवलं तर मोडेल. आणि आमचं छत याहून खाली आहे."

"मग कापून टाका की," नणंद म्हणाली. ती या घरातली धाकटी आणि सगळ्यात घाईची. "बाजारात असली पन्नास मिळतात, बाबा."

"दातही मिळतात बाजारात. म्हणून उपटून येतेस का?"

"बाबा, झाडासाठी हट्ट काय करताय?"

"हट्ट नव्हे, अट आहे." सासऱ्यांनी कप बशीत उपडा ठेवला. "झाड आलं तर मी येतो. झाड नाही तर ऑपरेशन नाही. लंगडत का होईना, इथेच दिवस काढीन."

ते थट्टा करत नव्हते, हे मुलाला आणि मुलीला लगेच कळलं. या माणसाने एकदा म्हटलेलं कधी मागे घेतलं नव्हतं. नवरा भिंतीकडे बघत बसला. नणंद पुटपुटली, "घ्या. आता बसा झाडाच्या पाया पडत."

सून इतका वेळ खोडाच्या एका जागेकडे पाहत होती. पानं जिथे सुरू होत होती त्याच्या खाली चार बोटं. ती म्हणाली, "एकाची दोन झाडं करता येतील. गुटी बांधू."

"गुटी?" नणंदेने डोळे वटारले. "बाबांना? या वयात?"

"बाळाची गुटी नव्हे गं. झाडाची." तिने उठून बोटाने खोडावर दोन रेघा दाखवल्या. "इथली अंगठ्याच्या रुंदीची साल गोल काढायची. त्यावर ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिक बांधायचं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली येतं, ते इथे अडतं. अडलं की तिथेच मुळं फुटतात. मुळं फुटली की खालून कापायचं. वरचा भाग म्हणजे चार फुटांचं, मुळांसकट, जिवंत झाड. जिन्यावरून सहज उतरेल."

सासऱ्यांनी भुवया जवळ आणल्या. "म्हणजे तू माझ्या झाडाच्या मुळावर उठलीस तर."

"मुळावर नाही बाबा, मुळांसाठी."

नवरा हसला. सासरे हसले नाहीत, पण खुर्चीत पुढे सरकले. "ते तेच झाड असेल का? का त्याचं पोर?"

"तेच. पानं तीच, शेंडा तोच. फक्त पाय नवे."

"हं." त्यांनी नकळत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "खात्री किती?"

"रबराच्या झाडाची गुटी सहसा फसत नाही."

"सहसा म्हणजे?"

"दहात नऊ वेळा जमते."

"आणि दहावी वेळ?"

"ती आपली नसेल."

"शब्द?"

"शब्द," सून म्हणाली.

पुढच्या रविवारी ती धारदार पातं, रबरी हातमोजे, भिजवून पिळलेलं शेवाळ आणि स्वच्छ प्लास्टिकची पट्टी घेऊन आली. सासऱ्यांना तिने आतल्या खोलीत बसवलं. "तुम्हाला बघवायचं नाही," ती म्हणाली. सासरे आत गेले आणि दाराकडे पाठ करून बसले.

पातं सालीत शिरताच चीक आला. पांढराशुभ्र, दुधासारखा, थेंबावर थेंब. तिने दोन गोल काप घेतले, मधून एक उभी चीर दिली, साल सोलून काढली. चीक खोडावरून ओघळत जमिनीपर्यंत आला. ती पुसत होती आणि तो येत होता. आतून दर मिनिटाला हाक येत होती.

"झालं का?"

"होतंय, बाबा."

"रडतंय का ते?"

"चीक आहे. थांबेल."

"झालं का?"

तिने शेवटचं एकदा पुसलं, पात्याच्या पाठीने वरवर खरवडलं, शेवाळाचा मुठीएवढा गोळा बसवला, प्लास्टिक गुंडाळलं, वर आणि खाली दोऱ्याने करकचून बांधलं. उजेड लागू नये म्हणून त्यावर चंदेरी कागद. सासरे बाहेर आले, खोडावरचं ते गाठोडं त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या आधी याच्याच गुडघ्याला पट्टी."

दर रविवारी ती येई, कागद सोडे, प्लास्टिकमधून पाही. शेवाळ ओलं असे, पानं टवटवीत असत. "काय प्रयोगशाळा, निकाल?" "थांबा अजून." तिसऱ्या आठवड्याला असं झालं, चौथ्याला झालं. पाचव्या आठवड्याला तिला मनातून शंका आली. खोली उबदार, उजेड भरपूर. एव्हाना एखादं तरी मूळ प्लास्टिकला टेकायला हवं होतं. त्या दुपारी सासऱ्यांचा डोळा लागलेला असताना तिने खालची गाठ सोडली, शेवाळ बाजूला केलं आणि बोट आत घातलं.

साल होती.

तिने सोललेल्या पट्ट्यावर, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, एक फिकट हिरवी पट्टी भरून आली होती. फार रुंद नव्हती, करंगळीएवढी. पण तेवढी पुरे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक बुळबुळीत, जवळपास अदृश्य थर असतो. खोड तिथेच वाढतं आणि जखम तिथूनच भरते. तो नीट खरवडला गेला नव्हता. झाडाने आपला आपण पूल बांधला होता आणि अन्न आधीसारखं निवांत खाली चाललं होतं. मुळं फुटायचं कारणच उरलं नव्हतं. झाडाचं काहीच चुकलं नव्हतं.

तिने शेवाळ परत बसवलं, गाठ मारली आणि घरी गेली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याने हातातला सदरा खाली ठेवला. "आता?"

"पुन्हा बांधायची. आहेत अजून साडेपाच आठवडे."

"आणि बाबांना?"

"सांगायचं."

"अगं, कशाला? वेड लागलंय का तुला? मुळं येतायत, जरा हळू येतायत म्हण. ऑपरेशन होऊन जाऊ दे. एकदा आपल्याकडे आले की मग काय ते बघू. निम्मं झाड कापून आणून उभं करू."

सल्ला वाईट नव्हता. सगळ्यांचंच भलं त्यात होतं, गुडघ्याचं तर फारच. तिनेही एक टॉवेल उचलून घडी घातली.

"मी त्यांना शब्द दिलाय," ती म्हणाली.

"म्हणून तर म्हणतोय, मोडलास हे सांगू नकोस! ते अडून बसले तर त्यांना हलवायचं कुणी? माझ्याच्याने तर होणार नाही."

"खोटा निकाल लिहायची मला सवय नाही. आणि त्यांना वाचता येतो निकाल. मुळं बघायला मागतील, तेव्हा काय दाखवू?"

नवऱ्याने सदरा पुन्हा उचलला. "मग तूच जा बाई. मी नाही येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ती चोपन्न पायऱ्या चढली. सासरे दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस तसाच घेऊन त्यांनी दार उघडलं.

"आज सोमवार."

"हो बाबा. गुटी फसली. माझ्याच हातून चूक झाली."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आत जाऊन उरलेली दाढी केली, तोंड धुतलं, पुसलं. बाहेर येऊन खोडाजवळ उभे राहिले. ती धीर धरून थांबली. आता त्यांच्या तोंडून 'मग मी येत नाही' एवढंच निघेल अशी तिची खात्री होती.

"उघड," ते म्हणाले.

तिने उघडलं. त्यांनी चष्मा लावला नाही. बोटाचं टोक त्या हिरव्या पट्टीवर ठेवलं आणि डोळे मिटले. पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट सावकाश गेलं, परत आलं.

"इथे राहून गेलं," ते म्हणाले.

"हो."

"त्या दिवशी सोलल्यावर, बांधायच्या आधी, कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

"तुमच्या प्रयोगशाळेत चालतं असं?"

तिला एकदम लाज वाटली. तिच्या टेबलावरून एकही निकाल दुसऱ्याच्या सहीशिवाय बाहेर जात नसे. साध्या नळाच्या पाण्याचासुद्धा. नवी मुलं कुरकुरली की हीच त्यांना सुनवायची, आपण मोजलेलं आपल्याला बरोबरच दिसतं म्हणून.

"नाही चालत."

"मग इथे कसं चाललं?"

"मला वाटलं, तुम्हाला बघवणार नाही."

"मला?" सासऱ्यांचा आवाज चढला. "पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी बिघडवलेलंच तर बघत आलो! सगळ्या कारखान्यात खरवडायला एक हात होता, तो तू आतल्या खोलीत नेऊन बसवलास, आणि तोसुद्धा गाढवासारखा जाऊन बसला."

ते लंगडत आत गेले. कपाटाच्या तळातून लाकडी पेटी ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. जुन्या कानशीला धार लावून केलेला, लाकडी मुठीचा स्क्रेपर.

कारखान्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. सगळे 'मायक्रॉन' म्हणत. यंत्राने कितीही गुळगुळीत केलेला लोखंडी पाट मायक्रॉनपुढे आला की त्यांना त्यावर डोंगर दिसत. पाटाला निळा रंग लावायचा, दुसरा पाट त्यावर घासायचा, रंग जिथे पुसला गेला तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. केसाच्या दहाव्या भागाएवढा. दिवसच्या दिवस. सुनेने हे लग्नानंतर दोन-चारदा ऐकलं होतं आणि दर वेळी विनयाने मान डोलावली होती. ती पेटी या झाडाच्या कामाची आहे हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आज सुट्टी टाक," सासरे म्हणाले.

तिने फोन केला. चौदा वर्षांच्या नोकरीत तिने सकाळी फोन करून घेतलेली ही दुसरी सुट्टी.

वरच्या कडेला एक फुगीर गाठ आली होती. "ही ठेवायची," सून म्हणाली, "मुळं इथूनच येतात." सासऱ्यांनी गाठ ओळखली, तिच्याखालून काम सुरू केलं. पाठ भिंतीला टेकलेली, उजवा पाय सैल सोडलेला. गुडघा वगळता बाकी सगळा माणूस ठणठणीत होता. चीक आला की सून कोमट पाण्याच्या फडक्याने टिपे, आणि ते थांबत. फडकं बाजूला झालं की स्क्रेपर पुन्हा चाले. लाकडाला न दुखावता, नुसता तो निसरडा थर काढत. कागद फाटावा तसा बारीक आवाज येत होता.

"डोळ्यांवर जाऊ नको," ते म्हणाले. "चिकाखाली सगळं सारखंच दिसतं. नख फिरव. घसरलं म्हणजे आहे, अडलं म्हणजे गेलं."

तिने हातमोज्यातलं बोट बाहेर काढलं.

"मोजा घाल गं, चीक खाजतो."

"नख मोज्यातून कळत नाही, बाबा."

ते गालात हसले. अर्ध्या तासाने त्यांनी स्क्रेपर पुसून खाली ठेवला. "बघ."

"झालं?"

"ते तू सांगायचं. ज्याने घासलं त्याने तपासायचं नाही. आमच्याकडे नियम होता."

तिने खोडाभोवती नख फिरवलं. समोरून अडलं, उजवीकडे अडलं. मागे, भिंतीच्या बाजूला, खालच्या कडेला टेकून गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेवर नख सटकलं. तिने परत फिरवलं. परत सटकलं.

"मागे राहिलंय."

"शक्यच नाही."

"गव्हाच्या दाण्याएवढं."

सासऱ्यांच्या कपाळावर आठी आली. खोडाला वळसा घालून त्यांनी स्वतःचं नख टेकवलं आणि दोनदा फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, "आहे खरं." पुढची दोन मिनिटं त्यांनी स्क्रेपर असा चालवला की जणू तपासणीला मोठे साहेब आलेत. "आता?"

नख अडलं. सगळीकडे अडलं. तिने हात धुतले, शेवाळ बसवलं, प्लास्टिक गुंडाळलं. दोऱ्याची गाठ मात्र त्यांनी मारली, आणि ती तिने ओढून बघितली.

"किती आठवडे?" सासऱ्यांनी विचारलं.

"पाच लागतील."

"शब्द?"

"नाही बाबा. या वेळी शब्द नाही. अंदाज."

सासरे स्क्रेपर फडक्यात गुंडाळत होते. "हे बरं केलंस," ते म्हणाले. "आणि तुझ्या नवऱ्याला सांग, अट तीच आहे."

त्यानंतर सासऱ्यांनी एक विचित्र गोष्ट केली. आपली खुर्ची फिरवून झाडाकडे पाठ केली. पाणी घालताना, पान पुसताना ते त्या गाठोड्याकडे बघत नसत. "माझं काम आहे ते, मी कसा तपासणार," असं त्यांनी नणंदेला सांगितलं. नणंदेने वहिनीला फोन केला. "बाबा झाडाशी रुसलेत का गं?"

"नाही. नियम पाळतायत."

"तुम्ही दोघं एकाच कारखान्यात तयार झालायत," नणंद म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या रविवारी सगळेच तिथे होते. नवरा पुस्तकं खोक्यात भरत होता. अट तीच असली तरी खोकी भरायला हरकत नाही, असं सासऱ्यांनीच म्हटलं होतं. नणंद भांडी कागदात गुंडाळत होती. सुनेने चंदेरी कागद सोडला, प्लास्टिकजवळ डोळा नेला आणि तिथेच थांबली.

"बोल, प्रयोगशाळा," सासरे खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

"थांबा. मोजते."

भांडी गुंडाळायची थांबली.

शेवाळातून बाहेर येऊन प्लास्टिकच्या आतल्या बाजूला टेकलेला एक पांढरा दोरा. टोकाला किंचित गुलाबी. शेजारी दुसरा. तिने खोडाभोवती पूर्ण फेरी मारली.

"सात," ती म्हणाली. "नाही. आठ."

सासरे एवढ्या झटक्यात उठले की गुडघ्याने त्यांना पुन्हा खाली बसवलं. मग मुलगा आणि मुलगी दोन बाजूंनी आली, त्यांनी त्यांना उभं केलं, आणि मायक्रॉनने पहिल्यांदा आपल्या कामाकडे पाहिलं. त्यांनी स्वतः मोजली नाहीत. "आठ म्हणतेस?" एवढंच विचारलं.

"आठ."

"अगंबाई, आठ!" नणंद म्हणाली. "आता याला खरंच गुटी पाजायला हवी."

मुळं आणखी दोन आठवडे जाड होऊ दिली. ऑपरेशनला चार दिवस असताना नवऱ्याने वरून झाड धरलं, नणंदेने पानं एका जुन्या चादरीत बांधली, आणि सासऱ्यांनी करवत सुनेच्या हातात दिली.

"तुम्हीच कापा ना."

"माझा हात आज जरा हलतोय," ते म्हणाले. सुनेने पाहिलं. हात हलत नव्हता. तिने करवत घेतली आणि गाठोड्याच्या दोन बोटं खाली, सरळ, न थांबता कापलं. चार फुटांचं झाड सुटून नवऱ्याच्या मिठीत आलं. तिने प्लास्टिक काढलं, शेवाळ मुळांभोवती तसंच राहू दिलं, हलक्या मातीच्या कुंडीत बसवलं आणि काठी लावून बांधलं.

खाली पाच फुटांचा सोट उरला. कापल्या जागी चीक गोळा होत होता. नणंद त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"याचं काय?"

"अर्ध्यावर छाटून द्यायचा," सून म्हणाली. "पाणी बेताने. महिन्याभरात बाजूने डोळे फुटतील."

"नक्की?"

"सहसा," सून म्हणाली, आणि सासरे खो खो हसले.

"मग मी नेते," नणंद म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले तशी ती फणकारली. "बघता काय? माझ्या गॅलरीत ऊन येतं!"

"बाजारात पन्नास मिळतात ना?" सासरे म्हणाले.

"मिळू देत."

जिन्यावर पुढे नवरा झाड घेऊन, मध्ये सासरे कठड्याला धरून, शेवटी सून. एकेक पायरी. वळणापाशी नवरा थांबला. त्या रविवारी त्याने मोजलेल्या त्याच कोपऱ्यात पानं भिंतीला घासू पाहत होती.

"डावीकडून घे," वरून सासरे म्हणाले. "शेंडा आधी. आता कुंडी. सावकाश! हां. गेलं."

झाड वळणावरून उतरलं. मागोमाग सासरे उतरले. चोपन्नाव्या पायरीवर त्यांनी वर मान करून पाहिलं, पण थांबले नाहीत.

तळमजल्यावरच्या मोठ्या खिडकीजवळ, थेट उन्हापासून हातभर आत, कुंडी ठेवली. सासऱ्यांनी खिशातून खडू काढला आणि काठावर चार खुणा केल्या. मग मधलं बोट दोन पेरं मातीत घालून पाहिलं आणि सुनेला जागा करून दिली. तिने बोट घातलं.

"ओलं आहे."

"उद्या," सासरे म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यात ऑपरेशनचा फॉर्म आला. पेशंटची सही, खाली जवळच्या नातेवाइकाची सही. मुलाने पेन काढलं. सासऱ्यांनी आपली सही केली आणि कागद त्याच्या हाताखालून ओढून सुनेपुढे ठेवला.

"तू कर. वाचून कर."

"बाबा, मी मुलगा आहे," नवरा म्हणाला.

"म्हणूनच. तू न वाचता करशील."

सुनेने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. नर्स दाराशी ताटकळली होती. उजवा गुडघा, बरोबर. रक्तगट, बरोबर. औषधं, बरोबर. पेन एका ठिकाणी थांबलं.

"इथे चुकलंय. वय सत्तर लिहिलंय. बाहत्तर हवं."

"चुकलं कसं?" नर्सने पुढे होऊन पाहिलं. "आम्ही विचारूनच लिहितो."

सासरे छताकडे बघत होते.

"ते मीच सांगितलं होतं," अखेर ते म्हणाले.

सुनेने सत्तरवर एक सरळ रेघ मारली, शेजारी बाहत्तर लिहिलं, बाजूला छोटी सही केली. मग खाली मोठी सही केली आणि कागद नर्सला दिला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "न्या यांना."